बेडकाच्या तंगड्या आणि परराष्ट्र खातं

२०१६ चा नोव्हेंबर. अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष ट्रम्प न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्रमंत्रिपदाचे एक दावेदार मिट रॉम्नींना घेऊन जेवायला बसले. पुढ्यात लसणाचं सूप, बेडकाच्या तंगड्या. फोटोत रॉम्नींचा चेहरा असा, जणू मुलगी बघायला गेले आणि पोहे खारट निघाले. झालं! टीव्हीवरच्या पंडितांनी त्या चेहऱ्यावरून परराष्ट्र खात्याची कुंडली मांडली. कुणी म्हणे रॉम्नीच, कुणी जुलियानी, कुणी पेट्रेयसचं घोडं दामटलं. दोन आठवड्यांनी खातं गेलं एक्झॉनमोबिलच्या रेक्स टिलरसनकडे. पंडित खजील? छे! तेच चेहरे, तेच टाय, आणि टिलरसनच कसे अटळ होते यावर चर्चा. (आमचा ज्योतिषी निदान चार दिवस तोंड तरी लपवतो.) मार्च २०१८ मध्ये टिलरसनना ट्विटरवरून नारळ मिळाला. तेही या पंडितांना आधीपासून दिसत होतं म्हणे.