आठ कोअर घेऊन रखडावं कसं : नवशिक्यांसाठी

आठ कोअरचं यंत्र घेतलं की प्रोग्राम आठपट पळू लागेल, अशी धास्ती अनेक नवशिक्यांना असते. ती निराधार आहे. थोडी चिकाटी ठेवली तर आठ कोअर मिळून एकट्या कोअरच्याही मागे पडतात, आणि तेही उत्तर अगदी बरोबर देऊन. उत्तर बरोबर आलंच पाहिजे, यात हयगय नको. ते चुकलं तर लोक कोड तपासायला बसतात. बरोबर पण उशिरा आलं तर नवं यंत्र मागतात.

आधी अंतरांचा अंदाज घ्या. चार गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. कोअरला चिकटलेल्या एल-वन कॅशमधून आकडा यायला ४-५ ठोके लागतात, एल-टूमधून साधारण १४, सगळ्यांच्या एल-थ्रीमधून ४० ते ७०. रॅमपर्यंत जावं लागलं तर ८० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे तीन-चारशे ठोके गेले. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपरबाई व्याख्यानाला आलेल्यांना सुमारे ३० सेंटिमीटरची तार वाटायच्या : नॅनोसेकंदात वीज याच्या पुढे जाऊच शकत नाही, हे हातात धरून कळावं म्हणून. आपल्याला आकड्यांची जमेल तितकी पायपीट घडवायची आहे.

सरावासाठी, सी भाषेतला मोठा द्विमितीय अ‍ॅरे आडवा न वाचता उभा वाचावा. कॅश एकटा आकडा कधीच आणत नाही, ६४ बाइटची अख्खी ओळ आणते. चार बाइटचे १६ आकडे आणवायचे, एक वापरायचा, पंधरा टाकून द्यायचे. पण ही झाली बालवाडी. यात एकच कोअर रखडतो.

आता मुख्य कृती. आठ थ्रेड सुरू करा आणि प्रत्येकाला मोजणीसाठी स्वतःचा काउंटर द्या. काउंटर आठ बाइटचा, आणि आठही एकाच अ‍ॅरेत शेजारीशेजारी. आठ अठ्ठे चौसष्ट, ओळ भरली. अ‍ॅरे ६४ बाइटच्या सीमेवरच बसवा, नशिबावर सोडू नका. नाहीतर काही काउंटर पुढच्या ओळीत सांडतात आणि मेहनत थोडी वाया जाते. काउंटर अ‍ॅटॉमिक ठेवा. साधे ठेवलेत तर कंपायलर ते रजिस्टरमध्येच वाढवत बसेल आणि तुमचा डाव उधळेल.

कोड वाचणाऱ्याला यात काही वावगं दिसत नाही. लॉक नाही, कुणी कुणाच्या काउंटरला हात लावत नाही. पण हार्डवेअरला काउंटर कळत नाहीत, ओळ कळते. आठ भावांचा एकच सातबारा असावा तसं : वहिवाट ज्याची त्याची, पण एकाची नोंद करायची तरी उतारा सगळ्यांचा लागतो.

ही ओळ कधी कुणाच्या ताब्यात असावी, याचे नियम १९८४ साली इलिनॉय विद्यापीठाच्या मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी मांडले. ‘मेसी’ म्हणतात त्यांना. प्रत्येक कॅशमधली ओळ चारपैकी एका अवस्थेत असते : बदललेली, एकट्याची, सामायिक किंवा बाद. वाचायला कितीही प्रती चालतात, लिहायला मात्र ओळ एकाच्याच ताब्यात हवी. पहिल्या कोअरने काउंटर वाढवला, ओळ त्याच्याकडे ‘बदललेली’ झाली. लगेच दुसरा ती मागतो. पहिल्याची प्रत बाद, ओळ दुसऱ्याकडे रवाना. पहिला पुढचा आकडा वाढवायला येतो तर ओळ गायब. तो परत मागणी टाकतो, तोवर बाकीचे सहा रांगेत उभेच असतात. कुणालाही दुसऱ्याचा आकडा नको असताना चाललेली ही ओढाताण मला तरी पाहत बसावीशी वाटते.

धोका शहाण्यांचा. एखादा येऊन प्रत्येक काउंटरपुढे ५६ बाइट रिकामे सोडायला सांगेल. ६४ बाइटच्या जागी ५१२! सोळा जीबीच्या यंत्रात ४४८ बाइटची ही उधळपट्टी कुणी मंजूर केली, असा ईमेल सर्वांना टाका. दुसरा म्हणेल, थ्रेडने स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोजावं आणि शेवटी एकदाच बेरीज करावी. हा जास्त घातक. त्याला मीटिंगांमध्ये गुंतवा. जावावाल्यांनी लाँगअ‍ॅडरपासून लांब राहावं, त्यात रिकामी जागा आधीच सोडलेली असते.

लिनक्सवर ‘पर्फ सी-टू-सी’ चालवू नये. कोणत्या ओळीवरून खेचाखेच चालली आहे, ते हे साधन पत्त्यासकट दाखवतं. त्यापेक्षा ‘टॉप’ उघडा. आठही कोअर १०० टक्के कामात दिसतील, कारण ओळीची वाट पाहत अडलेला कोअरही तिथे कामातच धरला जातो. त्याचा स्क्रीनशॉट साहेबांना पाठवा आणि यंत्र अपुरं पडतंय म्हणून दोन सॉकेटचं मागा. त्यात ओळीला एका चिपमधून दुसरीत जावं लागतं, आणि ते अंतर चिपमधल्यापेक्षा बरंच लांब असतं.