क्लायंट तुझ्यावर खूश आहे

(पुण्यातल्या एका सोसायटीचा कट्टा. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरी हिंजवडीहून नुकतीच परतलेली. नावांची गरज नाही. अशी जोडी प्रत्येक सोसायटीत मेंटेनन्सच्या बिलाइतकी हमखास असते.)

निवृत्त : राजीनामा द्यायचं ठरवलंयस म्हणे? आमच्या वेळी बँकेची नोकरी सोडणारा एक तर संन्यास घ्यायचा, नाहीतर त्याच्यावर चौकशी बसलेली असायची. आणि कारण काय, तर मॅनेजर वर जाऊ देत नाही! अगं, आम्ही प्रमोशन आलं की ते नाकारायला धावायचो. ऑफिसर झालं की बदली ठरलेली, डोंबिवलीहून थेट धनबाद. त्या भीतीने कितीतरी क्लार्क जन्मभर काउंटरवर बसले आणि सुखाने रिटायर झाले.

सोडणारी : काका, तुम्ही नाकारलंत, मला मागूच देत नाहीत. कंपनीतच वरची जागा निघाली, तरी अर्जाला आधी मॅनेजरची मंजुरी लागते. तो म्हणतो, 'क्लायंट तुझ्यावर खूश आहे, आत्ता रिलीज देता येणार नाही, पुढच्या सायकलला बघू.' माझं काम वाईट असतं तर त्याने मला आनंदाने दुसऱ्या टीमच्या गळ्यात बांधलं असतं. म्हणून तर कामचुकार माणूस तीन टीम फिरून 'अनुभवी' होतो आणि काम करणारा आहे तिथेच मुरतो.

निवृत्त : म्हणजे मॅनेजर दुष्ट आहे, असं सरळ म्हण की.

सोडणारी : दुष्ट असता तर सोपं होतं. तो चांगला गोड बोलतो, वाढदिवसाला केक आणतो. पण त्याचं स्वतःचं अप्रेझल प्रोजेक्ट वेळेवर जाण्यावर ठरतं. मी वर गेले तर फायदा दुसऱ्या विभागाचा, आणि नवा माणूस तयार करायचा ताप याच्या डोक्याला. हिशोबाने तो बरोबरच वागतो. हिशोबच असा मांडलेला आहे. इन्ग्रिड हेगेले या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीतल्या एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या नोंदी तपासल्या. मॅनेजर स्वतःच दुसरीकडे जायला निघाला की माणसं धरून ठेवण्यात त्याला रस उरत नाही, आणि नेमक्या त्या काळात त्याच्या हाताखालच्यांचे बढतीसाठीचे अर्ज दुपटीहून जास्त वाढले. माणसं तीच, लायकी तीच, फक्त वरचा हात सैल झाला. शिवाय या अडवाअडवीमुळे बढतीतली बायका-पुरुषांमधली दरीही टिकून राहते, असं त्यांना दिसलं. म्हणून विषारी ऑफिस म्हटल्यावर लोक आरडाओरड करणारा साहेब डोळ्यांसमोर आणतात ते मला अपुरं वाटतं. आवाज न चढवताही माणूस दहा वर्षं जागेवर ठेवता येतो.

निवृत्त : पण उत्तम काम करणारा उत्तम साहेब होतोच असं कुणी सांगितलं? लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 सालीच लिहून ठेवलंय की, माणूस बढत्या घेत घेत शेवटी जिथे नालायक ठरतो तिथे जाऊन थांबतो. आमच्या झोनल ऑफिसात याचा पुरावा प्रत्येक केबिनमध्ये होता. पुढे 2019 साली अमेरिकेतल्या विक्री विभागांचा अभ्यास छापून आला, त्यातही तेच : तडाखेबंद विक्री करणाऱ्यांना साहेब केलं आणि त्यांच्या हाताखालच्यांची विक्री घसरली. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो, बाई. तेव्हा तुझा मॅनेजर नकळत कंपनीचं भलंच करत असेल.

सोडणारी : असेलही. मी नापास होईन, हे मी अमान्य करत नाही. पण ते मुलाखतीत ठरू दे ना! माझ्या हॉलतिकिटावर ज्याची सही लागते, त्याचाच फायदा मी परीक्षेला न बसण्यात आहे.

निवृत्त : मग भांड. तक्रार कर. पळून काय जातेस?

सोडणारी : भांडून जिंकलेल्यांचीच गोष्ट ऐका. सीमा सडक संघटनेतल्या देव दत्त या इंजिनिअरना 1993-94 च्या गोपनीय अहवालात शेरा मिळाला 'चांगला'. वरच्या पदासाठी लागत होता 'अति चांगला'. म्हणजे बढती अडली ती चांगलं म्हटल्यामुळे! आणि तो शेरा त्यांना कळवलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे.

निवृत्त : बघ, मिळाला की न्याय!

सोडणारी : 2008 साली. तोवर ते निवृत्त झाले होते. आणि तो निकाल सरकारी नोकरांसाठी. आमच्याकडे एचआरकडे गेलं की एचआर पहिला ईमेल मॅनेजरला करतं.

निवृत्त : तरी माझा एक मुद्दा उरतोच. हर्शमनचं 1970 सालचं पुस्तक आहे, बाहेर पडणं आणि आवाज उठवणं यांवर. नायजेरियातली रेल्वे ट्रकांच्या स्पर्धेपुढेही सुधारेना, कारण ज्यांनी बोंब मारली असती तेच आधी ट्रककडे गेले. तू गेलीस की बोलणारीच गेली. मॅनेजर सुटला, मागे राहिले ते गप्प बसणारे.

सोडणारी : (जरा थांबून) हे मात्र खरं आहे. माझ्या जाण्याने कंपनी सुधारेल, अशा भ्रमात मी नाही. पण कंपनी सुधारायचं काम माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्येही नाही. शिवाय दार उघडं असेल तरच आतल्या आवाजाला वजन येतं, हेही हर्शमनच म्हणतो. जी कधीच जाणार नाही तिचं कोण कशाला ऐकेल?

निवृत्त : आणि नव्या ठिकाणीही असाच गोड माणूस भेटला तर?

सोडणारी : माणूस भेटेलच, म्हणून मी माणसाबद्दल विचारतच नाही. मुलाखतीत एकच विचारलं : इथे अंतर्गत जागेच्या अर्जाला मॅनेजरची मंजुरी लागते का? 'नाही, निवड झाल्यावर फक्त कळवतो,' म्हणाले. पगार किती वाढणार, ते नंतर विचारलं.

निवृत्त : आधी विचारायला हवं होतंस. बरं, ग्रॅच्युइटी? पाच वर्षं भरली ना?

सोडणारी : सहा झाली.

निवृत्त : वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे सहा वर्षांचे मूळ पगाराचे नव्वद दिवस.

सोडणारी : आणि नोटीस पिरियडही नव्वद दिवसांचा. सहा वर्षांत कमावलं तेवढंच निरोपाला लागणार.

निवृत्त : मग पत्रात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिही, रिलीव्हिंग लेटरला त्रास नको. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे.

सोडणारी : पत्र नसतं काका, पोर्टल असतं. कारणांची यादी असते, त्यातलं एक निवडायचं.

निवृत्त : त्या यादीत 'मॅनेजर' आहे?

सोडणारी : आहे ना. पण ते निवडलं की राजीनामा पुढच्या मंजुरीसाठी मॅनेजरकडे जातो.