दहा टक्क्यांत पास

आमच्या वेळी पस्तीस गुण मिळवताना नाकी नऊ यायचे. जंगलाला मात्र दहा पुरतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची व्याख्याच तशी आहे: किमान १ हेक्टर जमीन आणि तिच्यावर १० टक्के झाडांचे छत्र असले की ते वनाच्छादन. झाड कोणते, जमीन कोणाची, हे उपग्रह विचारत नाही. त्यामुळे देवगडचा बागायतदार पाठीला पंप लावून हापूसवर फवारणी करतो, तेव्हा तो कागदोपत्री वनवासातच असतो, तोही कैकेयीला तोशीस न देता.

या परीक्षेत सोलापूरजवळचे नान्नज पुरते आपटते. माळढोकासाठी राखलेले अभयारण्य, आणि तिथे आहे काय, तर गवत! धाविक, चंडोल, खोकड, लांडगा सगळे त्याच गवताच्या जिवावर. पण गवताची सावली चंडोलाच्या पिलांपुरती; उपग्रहापर्यंत ती पोचत नाही. दप्तरात अशा माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक जमीन दिसली की आपले हात शिवशिवतात.

तशात राज्याचे वृक्षलागवडीचे लक्ष्य २०१६ साली २ कोटी होते, मग ४, मग १३, आणि २०१९ साली थेट ३३ कोटी. देवांची संख्या गाठली, पुढे मोजायचे कोणाला? एवढी रोपे लावायची तर काटक जात हवी. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प त्यात पटाईत. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि गावकरी त्याला उंदीरमारी म्हणतात. फलकावर अर्थात गिरिपुष्पच लिहावे.

झाडे अशी नुसती मोजायचीच म्हटल्यावर इथले झाड तिथे चालते. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन दिली जात आहे, आणि भरपाईची लागवड ठरली हरियाणात! समुद्राने वेढलेल्या वर्षावनाच्या बदल्यात अरवलीकडची कोरडी जमीन. निकोबारचा मेगापोड पक्षी वाळू आणि कुजक्या पाल्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी उबवतो. त्याने विमानतळाचे काम पुरे होईपर्यंत तेवढा धीर धरावा. तिकीट काढले की थेट नव्या जंगलात उतरता येईल. अंडी मात्र हातातल्या सामानात ठेवावीत.