वाट चुकलेल्यांचा पाहुणचार

फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध असलेले जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. वस्ती अगदी थोडी, मेंढ्या त्याहून पुष्कळ, झाडे जवळजवळ नाहीतच. जगाला हे बेट स्वेटरच्या नक्षीमुळे ठाऊक आहे. पक्षिनिरीक्षक मात्र येथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि स्वेटरचा विचार केवळ थंडी वाजल्यावर करतात.

बेटावर जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक छोट्या विमानाचा. त्यात मोजकेच उतारू मावतात आणि धुके पडले की ते येत नाही. दुसरा ‘गुड शेफर्ड’ या बोटीचा, सुमारे अडीच तासांचा. ही बोट मुक्कामाला आली की पाण्यात न ठेवता किनाऱ्यावर ओढून घेतात. तेथला समुद्र कसा आहे, हे यावरून प्रवाशाने ओळखावे. वाटेत समुद्रपक्षी उत्तम दिसतात. मात्र बऱ्याच जणांची नजर त्या वेळी बादलीच्या तळाशी खिळलेली असते.

येथील पक्षिनिरीक्षण केंद्राची कल्पना युद्धकैद्यांच्या छावणीत आकाराला आली. एडिंबरोचे जॉर्ज वॉटरस्टन 1941 साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. कैदेत इतर लोक पळून जाण्याचे बेत आखतात. यांनी पक्षिकेंद्राचे आखले. युद्ध संपल्यावर त्यांनी बेटच विकत घेतले आणि 1948 मध्ये नौदलाच्या जुन्या खोपटांत केंद्र सुरू केले. पुढे केंद्राच्या इमारती बदलत गेल्या. 2019 मध्ये आगीत एक इमारत जळून खाक झाली, पण पक्षी मोजण्याची खोड तिच्याबरोबर जळाली नाही.

निरीक्षकाचा दिवस वाऱ्याची दिशा पाहून सुरू होतो. पश्चिमेचा वारा असला की तोंडे उतरतात. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा आणि जोडीला पाऊस असला, तर सायबेरियाहून दक्षिणेकडे निघालेले पक्षी भरकटून उत्तर समुद्रावर येतात आणि जमीन दिसताच उतरतात. यांत पहिल्यांदाच स्थलांतराला निघालेली पिल्ले पुष्कळ असतात. थोडक्यात, जे हवामान सभ्य माणसाने घरात बसून काढावे, त्याचीच येथे प्रार्थना केली जाते.

सकाळी पहिली फेरी सापळ्यांची. झुडपांवर उभारलेले, पुढे निमुळते होत जाणारे जाळीचे हे बोगदे हेलिगोलँड नावाच्या जर्मन बेटावरून आले. माणसे मागून चालत येतात, पक्षी पुढे सरकत टोकाच्या पेटीत शिरतो. मग त्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालतात, पंख मोजतात, वजन करतात आणि त्याला सोडून देतात. पिवळ्या भुवईचा वटवट्या भरतो सहा ग्रॅमच्या आसपास. तो पाहायला जमलेल्यांच्या गळ्यातील दुर्बिणींचे वजन वेगळे.

त्यानंतर ओहोळ, दगडी बांध आणि भाजीचे वाफे तुडवायचे. या बेटाचा खास मान लान्सिओलेटेड वॉर्बलर या रेघारेघांच्या वटवट्याकडे जातो. त्याच्या ब्रिटनमधील नोंदींपैकी बऱ्याच एकट्या फेअर आयलच्या आहेत. तो उडायला नाखूश असतो. गवतातून उंदरासारखा पळतो आणि प्रसंगी निरीक्षकांच्या बुटांमधून निघून जातो. अशा वेळी हजारोंच्या किमतीच्या दुर्बिणी निरुपयोगी ठरतात, कारण इतक्या जवळचे त्यांतून दिसत नाही. दुर्बिणी खाली ठेवून सर्वांनी पायाशी पाहत स्तब्ध उभे राहायचे, एवढेच हाती उरते.

मराठी वाचकाला चकित करील असा येथला पाहुणा म्हणजे भोरडी. महाराष्ट्रात हिवाळ्यात भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर उतरतात आणि माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवून, घसा फोडून त्यांना हाकलतो. शेटलंडच्या बाजूला शरदात यातली एखादी मातकट, पिवळ्या चोचीची, अजून गुलाबी न झालेली पोरसवदा भोरडी साळुंक्यांच्या भाऊबंदांत चरताना दिसते. तिला कोणी हाकलत नाही. उलट तिच्यासाठी तिपाया रोवतात, आणि तिने कुशीवर चोच फिरवली तरी त्याचे फोटो निघतात. ब्लिथ्स रीड वॉर्बलरचीही तीच गत. महाराष्ट्रातल्या झुडपांत सगळा हिवाळा ‘टक् टक्’ करत बसला तरी त्याच्याकडे मान वळवून पाहणारे थोडे. येथे तो निघाला की लोक जेवणाचे ताट सोडून धावतात.

रात्री जेवणानंतर केंद्रात पक्ष्यांची हजेरी होते. केंद्राचा वॉर्डन यादीतील एकेका पक्ष्याचे नाव पुकारतो आणि मंडळी आपापले आकडे सांगतात. दुर्मीळ पक्ष्याच्या नावाला खोली शांत होते. चिमण्यांच्या आकड्यावरून मात्र वाद रंगतात. शेवटी हवामानाचा अंदाज. आग्नेयेचा वारा आणि धुके सांगितले असेल, तर उद्या पक्षी येतील आणि विमान येणार नाही. परतीचे तिकीट उद्याचेच असलेले काही जण हे ऐकून चेहरा पाडतात, पण तो पडलेला राहत नाही.