वजन नसलेली दोरी

अकरावीच्या फिजिक्समध्ये दोरीला वजन नसतं. कप्पीला घर्षण नसतं. उतारावरच्या ठोकळ्याला तर नावगावही नसतं, नुसता 'एम'.

बारावी संपते, सीईटी होते आणि तोच मुलगा 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स'च्या तासाला बसतो. इथे शिडी भिंतीला टेकलेली, पट्टा ड्रमवरून घसरणारा, ट्रसच्या सांध्यांवरची बलं काढायची. न्यूटनचे नियम मात्र तेच. तीनच.

तरी केटी लागते!

इंजिनिअरिंगचे सर म्हणतात, पोरांना साधा फ्री बॉडी डायग्रॅम काढता येत नाही, ज्युनिअर कॉलेजात शिकवलं काय? फिजिक्सचे सर म्हणतात, यांना तत्त्वाशी देणंघेणं नाही, सूत्रात आकडे कोंबले की झालं. दोघंही खरं बोलतात. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

फिजिक्सवाल्यांनी फार ताठ्यात राहू नये. घर्षणाचे नियम नीट बसवले कूलॉमनं. होय, विजेच्या धड्यातला तोच. हा लष्करी इंजिनिअर. प्रयोग केले रोशफोरच्या गोदीत, १७८१ साली त्यावर पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळवलं. त्यात त्यानं दोरीचा ताठरपणासुद्धा मोजला होता. आपण ती दोरी पुस्तकात आणली आणि तिचं वजनच काढून घेतलं.

आणि 'कार्य'? बल गुणिले विस्थापन? ही व्याख्या १८२९ मध्ये पक्की केली कोरिओलिसनं, यंत्रांच्या हिशेबावरच्या पुस्तकात. म्हणजे शुद्ध विज्ञानाचा हा धडा कारखान्याच्या दारातून आला.

इंजिनिअरांनीही कॉलर ताठ करू नये. ठोकळा जागचा हललेला नाही, तरी घर्षण किती, तर 'म्यू गुणिले एन'. अहो, ती कमाल मर्यादा आहे! हे शिकवायचं कुणी?

ग्लासगोत इंजिनिअरिंगचा प्राध्यापक रँकिन यानं १८५६ मध्ये तत्त्व आणि व्यवहाराच्या मेळावर अख्खं व्याख्यान दिलं, दोन वर्षांत पुस्तकही काढलं. पुण्यात त्याआधीच, १८५४ मध्ये, इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता. मेळ घालायला? छे, सरकारी बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती.

आयटीआयचा पोरगा गंजलेला नट सुटेना की पान्याला पाइप लावतो. मोमेंट त्याच्या मनगटाला कळलेला असतो. परीक्षेत त्याला ते कुणी विचारत नाही.

तेव्हा शिक्षण खात्याला विनंती एकच: अभ्यासक्रम पुन्हा बदलायच्या आधी त्या दोन सरांना एका टेबलावर चहाला बसवा. बिल आमच्याकडे पाठवा.