नऊ मिनिटांत मुंबई

आमच्या साडूंनी मोबाइल माझ्या नाकाला टेकवला. पुणे विमानतळ ते मुंबई विमानतळ, सरळ रेषेत 124 किलोमीटर, वेळ 9 मिनिटे.

"चहा निवायच्या आत मुंबई! तुम्ही बसा डेक्कन क्वीनला कवटाळून."

124 ला ताशी 800 ने भागलं की 9 येतात, हे मान्य. म्हणजे विमान लोहगावच्या धावपट्टीवर उभ्या उभ्या 800 च्या वेगाने सुटणार आणि मुंबईत त्याच वेगाने पोचणार. थांबणार कसं, ते गणितात नाही. समुद्र आहेच म्हणा पुढे.

वेळापत्रकात मात्र याच 9 मिनिटांचा तासभर होतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर लागलं की बंद. त्यातून पंधरा मिनिटांच्या आत उशीर झाला, तर तो उशीरच नव्हे, विमान 'वेळेवर'. नऊ मिनिटांच्या प्रवासाला पंधरा मिनिटांची सूट! मी तीस वर्षं नोकरी केली. दहा मिनिटं उशीर झाला की लाल शाईचा लेटमार्क, तीन लेटमार्कांना एक रजा गुल. माझी हयात रजा कापून घेण्यात गेली आणि हे विमानवाले पंधरा मिनिटं खाऊन वर हसऱ्या आवाजात आभार मानणार!

तर साडू 9 च्या विमानासाठी पावणेसहाला कोथरूडातून निघाले. मी अंथरुणात होतो. दोन तास आधी या, असं बजावलं होतं म्हणून ते सातला हजर. मग रांग, मग पट्टा काढा, मग बूट काढा, मग पँट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पट्टा शोधा, मग घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढे पोहे खा. विमान एकदाचं उडालं, तर मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरायची. म्हणून वरच घिरट्या. 10 वाजून 14 मिनिटांनी उतरून जागेवर लागलं. 'वेळेवर'. पुढे बॅगेची वाट, टॅक्सीची वाट आणि टॅक्सीत बसून सिग्नलची वाट. अरे, कोथरूड ते लोहगाव किती वेळ आणि अंधेरी ते फोर्ट किती वेळ, हे का नाही सांगत कुणी? माणूस काय धावपट्टीवर जन्मतो आणि धावपट्टीवरच नोकरीला जातो?

मी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने, कटलेट खाऊन, 192 किलोमीटर करून 10.25 ला सीएसएमटीला उतरलो. साडू फोर्टात उगवले साडेअकराला, पट्टा अजून हातात.

"सापडली का ती 9 मिनिटं?"

"सापडली ना," साडू म्हणाले. "तेवढा वेळ वर गोल गोल फिरत होतो."