पोतं ऑफ सोयाबीन

ताडकळसच्या मोंढ्यात काकांची आडत आहे. मापाडी ओरडतो, हमाल त्याच्यावर ओरडतात आणि संध्याकाळी मुनिमांचा हिशोब पैशापैशाला जुळतो. हे मला बघवलं नाही. ऐन सोयाबीनच्या आवकेत पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलो आणि आडतीचा प्रोग्राम जावात लिहायला बसलो.

आधी 'माल' नावाची एकच यादी केली. प्रकार सांगायचा नाही, वाट्टेल ते टाकायचं. 2004 साली जावात जेनेरिक टाइप आले, तोवर सगळे असंच करायचे. यादीत सोयाबीन गेलं, मूग गेला, हमाली गेली, मुनिमांनी सांगितलेला चहाही गेला. पट्टी काढताना प्रोग्रामनं चहाला सोयाबीन समजून हात घातला आणि जागीच आडवा झाला. पट्टीसाठी ताटकळलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, "लाईट गेली का?" मी हो म्हणालो.

मग जेनेरिक घातले. पोतं एकदाच लिहायचं, आत काय भरणार ते कंसात सांगायचं. पोतं ऑफ सोयाबीनमध्ये मूग टाकायला गेलं की प्रोग्राम चालायच्या आधीच कंपायलर अडवतो. मी खूश! तेच पोतं तोलाईच्या फंक्शनला 'पोतं ऑफ माल' म्हणून दिलं, तर कंपायलर नाही म्हणाला. का? सोयाबीन हा माल नाही? मी त्याच्याशी मोठ्यानं भांडू लागलो.

"बरोबरच हाय की त्याचं," मागून काका म्हणाले. "माल म्हणून पोतं हातात दिलं, तर कुणीबी त्यात मूग टाकील. नुसतं तोलायचंय ना? मंग तोंड शिवून दे."

जावात या शिवलेल्या तोंडाला 'प्रश्नचिन्ह एक्स्टेंड्स माल' म्हणतात. हे कळायला मला इंजिनिअरिंगची पदवी पुरली नव्हती.

ट्रक भरताना प्रोग्रामला विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, पोतं. ओडरस्की, वाडलर वगैरे संशोधक मंडळींनी जावाच्या जेनेरिकसाठी 1998 मध्ये मांडलेली रचनाच तशी: प्रकार आधी तपासायचा आणि मग पुसून टाकायचा, म्हणजे जुने, बिनप्रकाराचे प्रोग्रामही सोबत चालतात.

"म्हंजी गेटावर तपासतंय अन् आत सोडलं की इसरतंय?" काका म्हणाले.

मुनिमांनी शाईची बाटली पुढं सरकवली. "पोत्यावर लिहून ठेवावं, धाकटे मालक."

जावावाले नेमकं हेच करतात, प्रकाराची चिठ्ठी वेगळी जोडतात. मीही जोडली. तोवर ट्रक निघून गेला होता. माझ्या यादीत तो अजून भरतोच आहे.